घाटात रेघ का लोळते?

आलेख म्हणजे चित्र नव्हे, हे नववीतल्या माणसाच्या गळी उतरवणं घाट चढण्याइतकंच दमवणारं आहे. अंतर-काल आलेखात रेघ वर गेली की माझी भाची सांगते, "मामा, गाडी डोंगर चढतेय." रेघ आडवी झाली की, "आता सपाट रस्ता." खाली आली की, "उतार! ब्रेक दाबा!"

भाचीला दोष देण्यात अर्थ नाही. 1985 साली नॉटिंगहॅमच्या शेल सेंटरने माल्कम स्वान यांचं फलं आणि त्यांचे आलेख यांवरचं पुस्तक काढलं. त्यातही आलेखाला चित्र समजणारी मुलं भेटतात. विलायतेतल्या पोरांनाही रेघेत डोंगर दिसतो म्हटल्यावर माझ्या ताईला फार बरं वाटलं.

मग मी आलेख कागद पसरला आणि मुंबई-पुणे गाडी काढली. आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर मुंबईपासूनचं अंतर. कल्याण सोडून गाडी पळाली, रेघ ताठ चढली. शंभर किलोमीटरवर कर्जत. तिथे रेघ साफ आडवी.

"सपाट रस्ता?"

"अगं, गाडी उभी आहे! वेळ पुढे जातोय, अंतर तेवढंच. मागून ढकलायला बँकर इंजिनं लावतायत."

"आणि लोक वडापाव घेतायत," आई म्हणाली. "तो कुठे दाखवलायस?"

वडापावाला अक्ष नसतो, हे आईला पटलं नाही.

पुढे बोरघाट. कर्जत ते लोणावळा 28 किलोमीटर, आणि चढ असा की 37 मीटर पुढे जावं तेव्हा 1 मीटर वर. कागदावर काढलात तर तो चढ डोळ्यांना दिसायचाही नाही, पण तेवढ्यानेच गाडीच्या तोंडाला फेस येतो. वेग पडला, तशी माझी रेघ लोळायला लागली. भाची उसळली, "खरा डोंगर आला तेव्हाच तुझी रेघ सपाट?" मी म्हटलं, "हेच तर!" रेघेचा चढ म्हणजे वेग. डोंगर आपल्या जागी, रेघ आपल्या जागी.

लोणावळ्यानंतर तिने उत्साहाच्या भरात रेघ थेट उभी ठोकून पुण्याला नेली.

"म्हणजे गाडी एकाच क्षणी लोणावळ्यातही आणि पुण्यातही?"

"विमान असेल," आई म्हणाली.

"विमानालाही वेळ लागतो, आई."

"मग नारदमुनी."

नारदमुनींना फलाच्या व्याख्येत जागा नाही. एका वेळेला एकच ठिकाण. उलट बाजूने मात्र सगळं माफ: एकाच ठिकाणी हवा तितका वेळ पडून राहता येतं. भावजींचा रविवार या नियमावर उभा आहे, म्हणजे आडवा आहे.

परतीची गाडी 192 किलोमीटरवरून खाली आणली, तर भाची म्हणाली, "घाट उतरतेय." उत्तराची दिशा बरोबर, कारण साफ चूक. परीक्षेत अशा उत्तरांना गुण मिळतात, म्हणून तर पंचाईत. दोन्ही रेघा एकमेकींना छेदताना पाहून मात्र आई दचकली, "टक्कर?" नाही, दोन वेगळे रूळ, त्या क्षणाला त्या ठिकाणी एकमेकींशेजारून जातात इतकंच. रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसात वर्षानुवर्षं गाड्या अशाच रेघांनी मांडत आले. पॅरिस-लिऑन गाड्यांचा असा तक्ता तर एकोणिसाव्या शतकातच छापला गेला.

संध्याकाळी भाचीने स्वतःहून एक आलेख काढला: "बाबा कोथिंबीर आणायला गेले." उभ्या अक्षावर घरापासूनचं अंतर. रेघ झोकात चढली, दोनशे मीटरवर आडवी झाली आणि आडवीच राहिली. मग थोडी वर बाजारापर्यंत, आणि परत खाली घराकडे.

ताईने चष्मा लावून आडव्या रेघेवर बोट ठेवलं. "दोनशे मीटरवर तर पानाची टपरी आहे."

भावजी पेपरातून मान न काढता म्हणाले, "सिग्नल नव्हता मिळाला."