गुरुजींना गुण किती?

छत्तीसगडमधल्या भिलाईत तयार झालेला रेल्वेचा रूळ कारखान्याबाहेर पडण्यापूर्वी ध्वनिलहरींनी तपासला जातो. पोटातला तडासुद्धा लपत नाही. त्याच शहरातल्या सरकारी शाळेतले गुरुजी मात्र कागदावर तपासले जातात.

कागद वाईट नाही. एनसीईआरटीने 2013 मध्ये ‘पिंडिक्स’ ही शिक्षकांच्या कामगिरीच्या निर्देशकांची चौकट दिली: सात मानकं, चार पायऱ्या, आणि पहिले गुण शिक्षकाने स्वतःलाच द्यायचे. चारपैकी एक गुण स्वतःच्या नावापुढे मांडणारा हरिश्चंद्र कुठून आणायचा, एवढंच त्यात सांगितलेलं नाही.

सुधारणेचीही सोय आहे. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानुसार प्रत्येक शिक्षकाला वर्षाला किमान 50 तास प्रशिक्षण मिळायला हवं. तास मोजता येतात. त्यानंतर वर्गात काय बदललं, हे पाहायला मागच्या बाकावर कुणीतरी बसावं लागतं.

आणि वर्गात गुरुजी तरी असावे लागतात. नोव्हेंबर 2025 मध्ये छत्तीसगडमध्ये मतदारयाद्यांचं विशेष सखोल पुनरीक्षण सुरू झालं आणि अनेक शिक्षक मतदान केंद्रस्तरीय अधिकारी (बीएलओ) म्हणून दारोदार फिरू लागले. त्याच महिन्यात, सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाचा हवाला देत, शाळेभोवतालच्या भटक्या कुत्र्यांची खबर स्थानिक संस्थेला देण्याचं काम शाळाप्रमुखांकडे आलं. शिक्षणहक्क कायद्याचं कलम 27 शिक्षकांना जनगणना, आपत्ती आणि निवडणूक एवढीच बाहेरची कामं लावू देतं. कुत्री त्या यादीत नाहीत. पिंडिक्सच्या सात मानकांतही नाहीत. त्यामुळे ही कामगिरी कितीही चोख बजावली तरी गुण शून्यच.