पहिल्याच अप्रेझलला माती खाल्ली? नवशिक्यांसाठी सुलभ मार्गदर्शिका

ही मार्गदर्शिका कुणासाठी? नोकरीला लागून वर्ष झालेलं नाही, गळ्यातल्या ओळखपत्राची दोरी अजून मळलेली नाही आणि पहिल्या अप्रेझलमध्ये पाचपैकी दोन पडले आहेत, अशा सर्वांसाठी. ज्यांना एक पडला आहे त्यांनी आधी ‘पिप’चा भाग वाचावा. ज्यांना चार किंवा पाच पडले त्यांनी इथे वेळ न घालवता पेढे आणायला जावं.

उदाहरणं पुण्याच्या आयटीतली आहेत, कारण हा प्रकार मी तिथे टेबलाच्या दोन्ही बाजूंनी पाहिला आहे. बँकेतल्या किंवा औषध कंपनीतल्या वाचकांनी आपापले शब्द घालून घ्यावेत. माती सगळीकडे सारखीच लागते.

चर्चेच्या आधी

इथे करण्यासारखं फारसं उरलेलं नसतं, कारण जे करायचं ते तुम्ही सेल्फ अप्रेझलच्या फॉर्ममध्येच करून बसलेला असता. आपल्या घरांत ‘स्वतःच स्वतःची आरती ओवाळू नये’ हे इतकं मुरलेलं असतं की फॉर्म समोर आला की हात आपोआप तीनकडे जातो. शेजारचा माणूस तेवढ्याच कामावर बिनदिक्कत पाच टाकतो. मॅनेजर सवयीने प्रत्येकातून एक वजा करतो. पुढचा हिशोब चौथीतल्या मुलालाही जमेल.

खोलीत शिरताना

हिंजवडीतल्या ऑफिसांत मीटिंगच्या खोल्यांना किल्ल्यांची नावं द्यायची हौस आहे. तुमची चर्चा ‘तोरणा’त किंवा ‘प्रतापगडा’त असेल तर ठीक. कॅलेंडरवर ‘पुरंदर, दुपारी चार’ असं आलं असेल तर इतिहासाची उजळणी करून जावं.

जून १६६५. मिर्झाराजे जयसिंगांशी तह झाला आणि महाराजांनी तेवीस किल्ले देऊन टाकले. शाळेत हा आकडा पाठ होतो, दुसरा होत नाही: बारा किल्ले राखले. राखलेल्यांत राजगड होता. कोंढाणा गेला, तो १६७० च्या फेब्रुवारीत परत आला. नवशिक्याने खुर्चीत बसताना तेवीस आणि बारा हे दोनच आकडे डोक्यात ठेवावेत.

चर्चेचा क्रम ठरलेला असतो. आधी पाणी विचारलं जातं. मग तुमच्या चांगल्या गोष्टी, आणि त्या मराठीत: ‘तू मेहनती आहेस, सगळ्यांशी छान जमतं तुझं.’ मग ‘बट’ येतो आणि मॅनेजर इंग्रजीवर जातो. इथून पुढे कान द्यायचा. ‘व्हिजिबिलिटी’ कमी आहे, ‘ओनरशिप’ दिसत नाही, ‘प्रोअॅक्टिव्ह’ व्हायला हवं, डिसेंबरच्या रिलीजला उशीर झाला, ईमेलची भाषा, कॉलवरचं मौन, असे सात-आठ मुद्दे निघतील.

नवशिका इथे काय करतो? आठही किल्ले लढवतो. ईमेलच्या भाषेचा खुलासा करतो, कॉलवर नेटवर्क नव्हतं म्हणून सांगतो, ‘प्रोअॅक्टिव्ह म्हणजे नक्की काय’ यावर वाद घालतो. वीस मिनिटांनी मॅनेजरच्या वहीत नववा मुद्दा लिहिला जातो: टीका घेता येत नाही.

तेव्हा सहा सोडून द्या. हसून सोडा, ‘लक्षात ठेवतो’ म्हणून सोडा. राखायचे दोन, आणि तेही असे की ज्यांना तारीख चिकटलेली आहे. डिसेंबरच्या रिलीजचंच घ्या. नव्या माणसाला लॅपटॉप पहिल्या दिवशी मिळतो, सर्व्हरचा अॅक्सेस तिसऱ्या आठवड्यात, आणि काम संपवायची तारीख मात्र तो रुजू व्हायच्या आधीच ठरलेली असते. अॅक्सेससाठी तुम्ही टाकलेलं तिकीट, त्याचा नंबर, ते कुणाच्या मंजुरीसाठी किती दिवस पडून होतं, हे सगळं सिस्टिममध्ये असतं. ते शांतपणे समोर ठेवा. आवाज चढवू नका, तिकीट नंबर आवाज न चढवताही ऐकू येतो.

बाकी जे गोल गोल शब्द आहेत त्यांच्यावर एकच उतारा: ‘एखादं उदाहरण सांगाल?’ उदाहरण मिळालं तर फायदा तुमचा. नाही मिळालं तर मॅनेजर दोन सेकंद छताकडे बघतो. ते दोन सेकंद बघण्यासारखे असतात.

रडू आलं तर? येऊ द्या. टेबलावर टिश्यूचा डबा असतो, तो काही कॉफी सांडते म्हणून ठेवलेला नसतो.

हे दोन आले कुठून

बहुतेक नवशिक्यांना वाटतं की रेटिंग त्या खोलीत ठरतं. ते तिथे फक्त वाचून दाखवतात. ठरतं काही आठवडे आधी, दुसऱ्या एका बंद खोलीत. तिथे सात-आठ मॅनेजर एकच एक्सेल शीट उघडून बसतात आणि आपापल्या माणसांसाठी भांडतात. वरून आलेला हुकूम असा असतो की एवढेच टक्के वर, एवढे मध्ये, आणि एवढे खाली गेलेच पाहिजेत. हीच ती बेल कर्व्ह, म्हणजे घंटेच्या आकाराची रेघ. जनरल इलेक्ट्रिकच्या जॅक वेल्च यांनी हिला मोठी प्रतिष्ठा मिळवून दिली: वरचे वीस टक्के, मधले सत्तर, तळाचे दहा, आणि त्या दहांना दरवर्षी दरवाजा. मायक्रोसॉफ्टने अशी सक्तीची उतरंड २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये मोडीत काढली. आपल्याकडेही बऱ्याच कंपन्यांनी कर्व्ह गेली असं जाहीर केलं. जाहीर केलं, एवढंच मी म्हणतो. शीट अजून उघडते.

आता त्या खोलीची कल्पना करा. सहा वर्षं टिकलेल्या माणसाला खाली ढकलायचं तर तो राजीनामा देईल, क्लायंट विचारेल. बाळंतपणाच्या रजेवरून आलेलीला ढकलायचं तर एचआर हरकत घेईल. सगळ्यांची नजर फिरत फिरत एका नावावर येते, जे ऑक्टोबरात आलं, ज्याच्यासाठी भांडायला कुणाकडे दोन वाक्यंसुद्धा नाहीत. ते नाव तुमचं. यात दुष्टावा नसतो. दुपारचे दोन वाजलेले असतात आणि सगळ्यांना भूक लागलेली असते.

एडवर्ड्स डेमिंग नावाचे गृहस्थ होते. युद्धानंतरच्या जपानी कारखानदारांना त्यांनी गुणवत्तेचे धडे दिले. व्यवस्थापनाच्या प्राणघातक रोगांची जी यादी त्यांनी केली, तीत वार्षिक मूल्यमापनाला त्यांनी मानाची जागा दिली होती. माणसाच्या नावावर जे चढवलं जातं त्यातलं बरंचसं व्यवस्थेचं असतं, असं त्यांचं म्हणणं. हे चर्चेत मॅनेजरला ऐकवू नये. रात्री झोप लागावी म्हणून स्वतःला ऐकवायला हरकत नाही.

मात्र सगळंच कर्व्हवर ढकलून मोकळं होता येत नाही. आठ मुद्द्यांतला एक खरा असतो. तो ओळखायची खूण सोपी आहे: टपरीवर मित्रांना सगळं रंगवून सांगताना तुम्ही जो गाळता, तो.

टपरी

जा, कटिंग घ्या, क्रीमरोल खा, आणि तोंड त्यासाठीच वापरा. पहिल्या दिवशी रेटिंग कुणालाही सांगू नका. सहानुभूती भरपूर मिळेल, पण संध्याकाळपर्यंत ती तिसऱ्या मजल्यावर पोहोचलेली असेल. ‘अरे, माझं पण असंच झालं होतं’ म्हणणाऱ्याचं तसं झालेलं नसतं. लिंक्डइनवरचं ते हिरवं ‘ओपन टू वर्क’चं कडं फोटोभोवती त्याच रात्री लावू नका, ते मॅनेजरलाही दिसतं. आणि राजीनामा तर नाहीच नाही. नोटिस पीरियड नव्वद दिवसांचा असेल तर ते नव्वद दिवस त्याच मॅनेजरसमोर काढायचे असतात.

घरची आघाडी

ही ऑफिसपेक्षा अवघड. फोनवर पहिला प्रश्न ‘किती वाढले?’ हाच असतो. इथे खोटं बोलू नये, कारण आकडा आईकडून मावशीकडे, मावशीकडून वधुवर सूचक मंडळाच्या फॉर्मवर जातो आणि मग तो खोडता येत नाही. ‘माझं वर्ष पूर्ण नाही, यंदा वाढ नाही’ हे वाक्य पुरतं. बऱ्याच कंपन्यांत उशिरा रुजू झालेल्यांना वाढ नसतेच, त्यामुळे ते खरंही असू शकतं. आधी धोरण वाचा, मग बोला.

आईचा उपाय बहुधा असा असेल: ‘त्या साहेबांना एकदा घरी जेवायला बोलाव.’ हा उपाय तिच्या काळात लागू पडत असे. आता बोलावलं तर एचआरला भेटवस्तूंच्या धोरणाचं पान उघडावं लागेल.

बाबा सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले असतील तर मात्र फोन त्यांच्याकडे द्यायला सांगा. पाटबंधाऱ्यात, महसुलात किंवा जिल्हा परिषदेत ज्यांनी तीस वर्षं काढली, त्यांच्याएवढं हे शास्त्र कुणाला कळत नाही. त्यांच्याकडे अप्रेझल नव्हतं, गोपनीय अहवाल होता. तुमच्याबद्दल साहेब काय लिहितो हे तुम्ही सोडून सगळ्यांना वाचता येई. शेरा फारच वाईट असला तर कळवायचे. नुसता ‘चांगला’ असला तर कळवायचेही नाहीत, आणि त्या ‘चांगला’वरच बढती अडायची.

हे अतिशयोक्त वाटत असेल तर देव दत्त विरुद्ध भारत सरकार हा खटला पाहा. सीमा रस्ते विभागातल्या या कार्यकारी अभियंत्याला १९९३-९४ या वर्षी ‘चांगला’ असा शेरा मिळाला. बढतीसाठी सलग पाच वर्षं ‘खूप चांगला’ लागत होता. शेरा त्याला कधी कळवलाच नव्हता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २००८ मध्ये निकाल लागला: सरकारी नोकराला त्याच्याबद्दलची प्रत्येक नोंद कळवली पाहिजे, बरी असो वा वाईट, म्हणजे त्याला त्यावर म्हणणं मांडता येईल. एका ‘चांगला’साठी माणूस दिल्लीपर्यंत भांडला. तुम्हाला निदान तोंडावर सांगितलं आणि पाणीही विचारलं.

तर बाबा सगळं ऐकून घेतील आणि एकच विचारतील: ‘लेखी मागितलंस का?’

संपूर्ण मार्गदर्शिकेत याहून कामाचं वाक्य नाही. खाजगी कंपनीला तो निकाल बंधनकारक नाही, पण मेलला कुणी मनाई केलेली नाही. त्याच दिवशी घरी जायच्या आधी मॅनेजरला चार ओळी पाठवा. आज बोललो त्यातले हे तीन मुद्दे मी असे समजलो. पुढच्या तीन महिन्यांत यावर मी हे हे करणार. महिन्यातून एकदा अर्धा तास द्याल का. बस. आभार एकदाच माना. या मेलने रेटिंग बदलणार नाही. पण पुढच्या वेळी त्या बंद खोलीत मॅनेजरकडे तुमच्यासाठी दोन वाक्यं असतील, आणि ती तुम्हीच लिहून दिलेली असतील.

‘पिप’

परफॉर्मन्स इम्प्रूव्हमेंट प्लॅन. तीस, साठ किंवा नव्वद दिवसांचा असतो. काही मॅनेजर खरंच सुधारण्यासाठी देतात, काही फाइल पूर्ण करण्यासाठी. कोणता आहे हे ध्येयांवरून कळतं: मोजता येणारी असली तर लढा, ‘अॅटिट्यूड सुधारणे’ असलं काही असलं तर बायोडेटा अद्ययावत करा. नेमणूक पत्रातलं प्रोबेशनचं कलम दोन्ही बाबतीत वाचा. ते सहीच्या वेळी कुणीच वाचत नाही.

शेवटचा रकाना

फॉर्मच्या तळाशी ‘कर्मचाऱ्याची प्रतिक्रिया’ असा एक चौकोन असतो आणि त्याखाली मान्य-अमान्य अशी दोन बटणं. नवशिके तिथे एक तर ‘ओके’ लिहितात, नाही तर रात्री अकराला दीड पान. दोन्ही नको. असं लिहा: ‘मूल्यमापन वाचले. संवाद वाढवण्याबाबतचा मुद्दा मान्य. डिसेंबरच्या विलंबाबाबत माझी नोंद: सर्व्हरचा अॅक्सेस अमुक तारखेला मिळाला, तिकीट क्रमांक अमुक. उरलेल्या मुद्द्यांवर उदाहरणे मिळावीत ही विनंती.’ ‘अन्याय’ हा शब्द नको, उद्गारचिन्ह नको, मॅनेजरचं नावही नको. हा कागद पुढे जो कुणी उघडेल त्याला तुम्ही माहीत नसाल. त्याला फक्त हा चौकोन दिसेल.

आणि हे मुदत संपायच्या आत करा. बऱ्याच सिस्टिम्स ठरलेल्या दिवसापर्यंत काहीच लिहिलं नाही, तर तुमच्या वतीने ‘मान्य’ दाबून मोकळ्या होतात.