खाली सात, वर नऊ

ऑकलंड, न्यूझीलंड

ती. स्व. बाबांस,


भडंगाचा डबा पोचला. विमानतळावरच्या साहेबांनी आधी शेंगदाणे निरखले, मग तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेले मारुतीचे चार स्पार्क प्लग हातात घेऊन वास घेतला म्हणे. डबा त्याच रात्री रिकामा झाला. प्लग मात्र लसणाचा घमघमाट घेऊन कपाटात बसलेत. ते गाडीला का लावले नाहीत, हे तुम्हाला लेखी कळवते, कारण फोनवर तुम्ही आणि तुमचा सुहास दोघं एकदम बोलता.

गाडी आहे माझदा आरएक्स-7, 1989ची, जपानहून इथं आलेली. हिच्या इंजिनात पिस्टनच नाही. दोन फुगीर तिकोनी रोटर, प्रत्येकी 654 सीसीचे, आणि प्रत्येकाला दोन प्लग. खालचा आधी पेटतो, वरचा पाठोपाठ. बरं, चारही प्लग एका जातीचे असावेत ना? नाही. एनजीकेचे घ्यायचे तर खाली बीयूआर7ईक्यू आणि वर बीयूआर9ईक्यू. सातचा गरम, नऊचा थंड.

हे आईंना तुमच्याआधी कळेल. पपई फ्रीजमधून काढली तरी आईंच्या लेखी ती उष्णच, तसंच हे. हातात घेतले तर दोन्ही प्लग सारखेच गार. गरम प्लगच्या आतलं पांढरं चिनीमातीचं नाक लांब असतं, त्यामुळे तो उष्णता धरून ठेवतो आणि अंगावरची काजळी जाळून टाकतो. थंडाचं नाक आखूड, तो उष्णता लगेच इंजिनच्या अंगात सोडून देतो. आणखी एक खोच अशी की एनजीकेत आकडा चढला की प्लग थंड, बॉशमध्ये आकडा चढला की गरम. तेव्हा उद्यमनगरातल्या दुकानात नुसता आकडा सांगून बॉशचाच मायको प्लग मागितलात, तर भलताच हातात पडेल.

तुमच्या प्लगचे आटे 14 मिलिमीटरचे, हिचेही तेवढेच. म्हणजे ते आत शिरतील, आणि भीती तीच आहे. मारुतीच्या प्लगचं टोक पुढे डोकावतं. इथं रोटरच्या तिन्ही कोपऱ्यांवरच्या पट्ट्या भिंतीला घासत, प्लगच्या भोकांवरून फिरत असतात. टोक भिंतीबाहेर आलं तर पट्टीचा निकाल, आणि पट्टी गेली की अख्खं इंजिन खोला. शिवाय आपल्या नेहमीच्या इंजिनात शाफ्टच्या दोन फेऱ्यांत एकदा ठिणगी पडते, इथं प्रत्येक फेरीला. स्फोट सतत त्याच जागी, तिथं गार हवेचा झोत कधी यायचाच नाही. असल्या जागी साधा प्लग किती टिकेल, ते तुम्हीच सांगा.

एवढं सगळं माहीत असूनही तुमच्या चिरंजीवांनी चारही ठिकाणी नऊचे प्लग लावले! का, तर शर्यतवाले लावतात. 1991 साली माझदाच्या 787बीनं ल माँची शर्यत जिंकली, हे आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला चहाच्या आधी ऐकावं लागतं. त्या गाडीला रोटर चार होते, प्रत्येकाला प्लग तीन होते, आणि तिला कोथिंबीर आणायला जायचं नव्हतं. आमची गाडी भाजीच्या दुकानापर्यंत जाते न जाते तोच बंद होते. थंड प्लग तापायलाच वेळ मिळत नाही, काजळी धरते.

त्यात हे इंजिन मुद्दामच तेल जाळतं. पट्ट्यांना वंगण मिळावं म्हणून पंप थोडं थोडं तेल आत सोडतो. सुहास वर पेट्रोलच्या टाकीतही टू-स्ट्रोकचं ऑइल ओततो, तुम्ही चेतकला घालायचात तसंच. पंपावरचा पोरगा धावत आला होता अडवायला!

मग एका रविवारी साहेबांनी धुवायला म्हणून गाडी गॅरेजमधून चार हात बाहेर काढली आणि लगेच बंद केली. या रोटरवाल्या इंजिनाला हे अजिबात खपत नाही. आत पेट्रोल साचलं, प्लग भिजले, संध्याकाळी गाडी ढिम्म. चारही प्लग काढले, इंधन तोडून नुसता स्टार्टर फिरवला, तेव्हा कुठं ती घसा खाकरल्यासारखी सुरू झाली. धूर इतका, की शेजारच्या आजींनी वाळत घातलेल्या चादरी काढून आत नेल्या.

आता खाली सात, वर नऊ असे नवे लावलेत आणि गाडी पहिल्या फटक्यात सुरू होते. लावताना इंजिन गार हवं, आणि पाना बेतानंच फिरवायचा: 13 ते 18 न्यूटन-मीटर, बस्स. अंग ॲल्युमिनियमचं आहे. तुमचा तो 'आणखी अर्धा आटा' इथं चालत नाही, नाहीतर भोकातले आटेच निघून हातात येतील.

रविवारी फोन कराल तेव्हा त्याला चारही नऊचं खूळ सोडायला सांगा. माझं ऐकत नाही. आणि डब्यात पुढच्या खेपेला फक्त भडंगच भरा, चांगलं तिखट.

आईंना नमस्कार.

तुमची सून,
अनघा