तात्या आणि खिळा

साताऱ्यातल्या आमच्या आळीत कॅलेंडर टांगायचं झालं, तर आधी तात्या सुतार गावाला गेलेत का ते बघतात. हातोडीचा पहिला ठोका पडला की तात्या दारात. "मारा, मारा! खिळा ठोकणारा सुतार न्हवं, खाटीक." भिंत सिमेंटची आहे हे सांगून उपयोग नसतो.

तात्यांच्या लेखी जगात माणसं दोनच तऱ्हांची, कुसूची आणि खिळ्याची. कुसू खाचेत बसतं, पण केसभर हलायला जागा ठेवतं, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या टिकतं. खिळा जबरदस्तीनं घुसतो, गंजतो आणि जाताना लाकूड फाडतो. थोरला जावई कुसूचा. व्याही खिळ्याचे.

11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा तात्या पाटण खोऱ्यात होते, वय आठ. मागची भिंत ढासळली. खांब, तुळया, आढं जागच्या जागी. छपराखालची मंडळी म्हणे थंडी वाजली म्हणून जागी झाली. दर वेळी सांगताना थंडी वाढते.

मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यात मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. बाकीचे लोक 'स्वदेस'मधला शाहरुख नेमका कुठं उभा होता ते शोधत होते. तात्या कडीपाटाखाली उताणे पडून सांधे मोजत होते. पहारेकऱ्याला वाटलं, चक्कर आली.

मध्यंतरी नातवानं त्यांना मोबाइलवर चिनी सुतारकाम दाखवलं. शान्शी प्रांतातला 1056 सालचा लाकडी पॅगोडा, 67 मीटर उंच. खांबांच्या डोक्यावर ठोकळे आणि आडवे हात एकमेकांत अडकवत रचलेली उतरंड. धरणी हलली की ती कुरकुरते, जराशी सरकते, पण छप्पर सोडत नाही. भार सगळा लाकडावर, भिंत नुसती आडोशाला. 'भिंत पडली तरी घर पडत नाही' अशी तिकडे म्हणच आहे. तात्या अस्वस्थ झाले. "आमच्या बाचं बोलणं त्येंच्यापातूर गेलं कसं?" पुढं 1103 साली तिथल्या दरबारानं बांधकामाचं पुस्तकच छापलं आणि त्यात लाकडाच्या मापाच्या आठ श्रेणी ठरवून दिल्या, हे कळलं तेव्हा चीन त्यांच्या मनातून साफ उतरला. "पुस्तक बघून सुतार होतोय व्हय?"

खरं दुखणं सांगलीत आहे. पोराचं तिथं मॉड्युलर किचनचं दुकान. प्लायवूड, डिंक आणि बॅटरीवर गरगरणारं स्क्रूचं मशीन. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णा दुकानात शिरली आणि कपाटं पुरीसारखी टम्म फुगली. आजोबांच्या हातचा सागवानी पाट तेवढा तरंगत जिन्याला लागला. तात्यांनी फोनवर आधी पाटाची चौकशी केली, मग पोराची. "बघ," एवढंच म्हणाले. त्या 'बघ'वरून बापलेक वर्षभर बोलत नव्हते.

गेल्या पावसाळ्यात तात्या अंगणात घसरले आणि खुबा मोडला. डॉक्टरांनी तीन स्क्रू घातले. शुद्धीवर आल्या आल्या तात्यांनी विचारलं, "कुसू काढून जमलं नसतं?"

आता भेटायला येईल त्याला ते एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरून दाखवतात. परवा मला जवळ बोलावलं, एक डोळा मिटून ओळंबा बघावा तसं बघितलं आणि बोट ठेवलं.

"ह्यो मधला तिरपा गेलाय. आमच्या पोरानं सरळ बसवला असता."