दुधनेचे दर्यावर्दी

जालना जिल्ह्याला समुद्र नाही आणि त्याबद्दल कुणी कधी मोर्चा काढल्याचं ऐकिवात नाही. अपवाद बदनापूरकडच्या एका मित्रमंडळाचा. त्यात एक पशुवैद्य, एक बियाण्यांचे दुकानदार, सळईचा धंदा करणारे एक शेठ आणि एक माळकरी मास्तर. मास्तर मासे खात नाहीत, धरतही नाहीत. ते फक्त सल्ला देतात.

काश्मीरच्या ट्राउटचे व्हिडिओ पाहून शेठनी रिळाचा महागडा गळ मागवला. हा मासा इंग्रजांनी 1900च्या सुमारास काश्मीरच्या नद्यांत सोडला. त्याला वाहतं, थंडगार पाणी लागतं. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा बदनापूर तालुक्यात एवढं गार पाणी फक्त रसवंतीवर मिळतं. म्हणून गळ सोमठाण्याच्या ऊर्ध्व दुधना धरणावर आला. शेजारी एक म्हातारे भोईबाबा काठी, दोरा आणि कणकेच्या गोळ्या घेऊन बसलेले. दुपारपर्यंत त्यांच्या पिशवीत राहू आणि चिलापी. शेठच्या गळाला मात्र वेडी बाभूळ लागली.

“शेठ, पाण्यात टाका की,” बाबा म्हणाले.

डॉक्टरांनी मग राहूची कुंडली मांडली. राहू, कटला मूळचे गंगेकडचे; साचलेल्या पाण्यात ते अंडी घालत नाहीत. 10 जुलै 1957 रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी यांनी माशांना पीयूषिका ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन अंडी घालायला लावली. तेव्हापासून धरणाधरणांत बीज सोडता येऊ लागलं. हे ऐकून बियाणेवाल्यांनी बाबांना गंभीरपणे विचारलं, “उगवण किती टक्के?”

अर्थात, पेरायला पाणी हवं. 2012-13च्या दुष्काळात या जिल्ह्यात माणसांनाच टँकरची वाट पाहावी लागली होती, तिथे माशांना कोण विचारतो!

30 डिसेंबर 2023ला जालना-मुंबई वंदे भारत सुरू झाली आणि मंडळींना समुद्र बांधालगत आल्यासारखा वाटू लागला. मास्तरांच्या सल्ल्याने मुहूर्त काढला जूनचा. अलिबागला पोचले तर होड्या किनाऱ्यावर ओढून ताडपत्रीखाली झाकलेल्या. माशांच्या विणीचा हंगाम आणि खवळलेला दर्या म्हणून आपल्याकडे 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत मासेमारीला बंदी असते. दर्यावर्दी खानावळीत सुरमई खाऊन परतले. मास्तरांनी सोलकढीवर भागवलं.

दिवाळीनंतर पुन्हा गेले. या वेळी होडी मिळाली. गळ टाकायच्या आधीच शेठनी सकाळचे पोहे समुद्रात टाकले. डॉक्टर बैलांच्या पोटफुगीवर बोलत होते, तेही गप्प झाले. तासाभराने बियाणेवाल्यांच्या गळाला ओढ लागली, सगळे उठले, होडी कलली, तांडेल ओरडला. वर आला तो मिशावाला शिंगाळा.

“हा तर आपल्या गोदावरीतपण मिळतो!” शेठ कळवळले.

खाऱ्या पाण्यातल्या शिंगाळ्याचं कूळ वेगळं, काटा विषारी, असं डॉक्टर सांगू लागले. पण एवढ्या खर्चात वेगळ्या कुळाचं कौतुक कुणाला? तांडेलाने गाव विचारलं. जालन्याच्या मोसंबीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालंय, हेही मास्तरांनी सांगून टाकलं.

“मानांकन राहू द्या,” शेठकडे बघत तांडेल म्हणाला, “पुढल्या खेपेला चार मोसंब्या घेऊन या. उलटीला बऱ्या पडतात.”