मोडेन पण पुसणार नाही

डीबीएकाका ओळखणं सोपं. कंपनीच्या डेटाबेसमधलं काहीही पुसून टाकायचा अधिकार ज्यांना आहे आणि जे तो कधीच वापरत नाहीत, ते डीबीएकाका. चष्मा कपाळावर, डबा ठीक साडेबाराला आणि फोन पहिल्या रिंगला.

परवा रात्री अकराला मीच लावला.

"काका, डिस्क ९८ टक्के भरली! पीजीएसक्यूएल_टीएमपी फोल्डरात ८० जीबी पडलंय. नावातच टेम्प आहे. उडवू?"

"आधी कीबोर्डवरचा हात काढ. फाइलचं नाव वाच."

"पीजीएसक्यूएल_टीएमपी, पुढे ४३१७, मग टिंब, मग शून्य."

"४३१७ हा मालकाचा प्रोसेस नंबर. मालक जिवंत आहे का बघ."

काकांचं तत्त्वज्ञान स्वयंपाकघरातलं. एका सॉर्टिंगला पोस्टग्रेस, म्हणजे आमचं डेटाबेस सॉफ्टवेअर, मुळात ४ एमबी मेमरी देतं. एवढ्याशा ओट्यावर पंगतीचा स्वयंपाक मावत नाही, म्हणून पातेली अंगणात, म्हणजे डिस्कवर मांडायची. क्वेरी संपली की आवरायची. पण आचारीच मध्ये कोसळला, तर पातेली तिथेच. चौदाव्या आवृत्तीपासून तीही आपोआप उचलली जातात. आमचा सर्व्हर बाराव्या आवृत्तीवर आहे, कारण अपग्रेडचं नाव काढलं की काका विचारतात, "चालतंय ना?"

"काका, ४३१७ जिवंत आहे."

"कधीपासून?"

"आज सकाळपासून."

"आणि फाइल?"

"मंगळवारची."

"मग तो मालक नव्हे. जुन्याच खोलीत आलेला नवा भाडेकरू. नंबर पुन्हा वाटले जातात रे."

"म्हणजे फाइल बेवारस! उडवू?"

"नको. पहाटे चारला रिस्टार्ट करू. सर्व्हर उठताना स्वतःच झाडून घेतो. तोवर दोन टक्क्यांत रात्र काढू."

मग ठरलेली कथा. पूर्वी पीजी_एक्सलॉग नावाचा फोल्डर असे. 'लॉग' शब्दाला भुलून लोक डिस्क भरली की तोच उडवत आणि त्याच्यासोबत डेटाबेसची घडी मोडत. शेवटी २०१७ मध्ये, दहाव्या आवृत्तीत, त्याचं नाव पीजी_वॉल झालं. "माणसं सुधरेनात, म्हणून फोल्डरचं बारसं केलं," काका म्हणतात.

घरीही हाच कायदा. माळ्यावरच्या बंद मिक्सरला हात लावला की काका विचारणार, "कुणाचा आहे? कुणी वापरत नाही, याची खात्री केलीस?" काकू वीस वर्षं खात्री करत होत्या.

गेल्या वर्षी त्यांनी घर बदललं. नव्या घरातला रिकामा माळा बघून काका खूश. "बघ, मी म्हणत नव्हतो? रिस्टार्ट झालं की सगळं आपोआप साफ होतं."

काकू चहा गाळत म्हणाल्या, "आपोआप नाही. तुम्ही ऑफिसात होतात, तेव्हा भंगारवाला बोलावला होता."

काकांचा चष्मा कपाळावरून नाकावर आला. "बॅकअप घेतलास?"