आधी पायताण बघतात

महागड्या शोरूमच्या दारातला पोरगा तुमच्या तोंडाकडं बघत नाही, आधी पायाकडं बघतो. पायात काय आहे त्यावरून खिशात किती असेल हे ताडायचं आणि त्यावरून मान किती वाकवायची ते ठरवायचं, हे त्याला शिकवलेलं असतं. कोल्हापूरच्या राजारामपुरीत जा, ताराबाई पार्कात जा, पुण्या-मुंबईच्या मॉलमध्ये जा, नजर तीच. पायापासून वर येते आणि चेहऱ्यापर्यंत पोचेस्तोवर थंड झालेली असते.

पुढची वाक्यंही ठरलेली. ‘बजेट काय आहे?’ ‘तो पीस महाग आहे.’ ‘हात लावू नका, मी दाखवतो.’ ‘सेलचा माल वरच्या मजल्यावर.’ आणि कोल्हापुरात जन्मलेल्या पोरानं गडहिंग्लजहून आलेल्या मावशींना हिंदीत विचारलेलं ‘क्या चाहिए?’ यातलं एकही वाक्य शिवी नाही. त्यामुळं तक्रार करायला गेलं की ‘आम्ही काय वाईट बोललो?’ असं उलट विचारता येतं. ज्याला ते ऐकावं लागतं त्याला मात्र बरोबर कळतं, आपल्याला बाहेरचा रस्ता दाखवलाय.

आता ज्या पायताणावरून ही पारख होते त्याचं काय झालं बघा. जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा कंपनीनं मॉडेलांच्या पायात जे सँडल घातले, तसले जोड आपल्या चप्पल लाईनीत दुकानादुकानाला टांगलेले असतात. कंपनीनं त्यांना नुसतं ‘चामड्याचे सँडल’ म्हटलं, कोल्हापूरचं नाव कुठंच नाही. इकडून ओरड झाली, महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सचं पत्र गेलं, तेव्हा कंपनीनं मान्य केलं की प्रेरणा भारतातल्या हस्तकलेची आहे. जुलैत त्यांची माणसं कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटून गेली. डिसेंबरात महाराष्ट्राच्या लिडकॉम आणि कर्नाटकाच्या लिडकर या दोन चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला आणि आकडे जाहीर झाले: 2,000 जोड, किंमत सुमारे 800 युरो, जगभरातली 40 दुकानं. 800 युरो म्हणजे त्या वेळच्या दरानं 80 हजार रुपयांच्या वर.

कारागिरांना काम मिळणार असेल तर मला त्याचा आनंदच आहे. कातडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावायचं, तळ कापायचा, खिळा न मारता वादीनं शिवायचा, कान बसवायचे, घरातल्या बायकांनी पट्ट्यावरची वेणी गुंफायची, ही मेहनत स्वस्तात विकली जाते आणि ती महाग विकली गेली पाहिजे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि सीमेपलीकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांच्या नावावर या चपलेचं भौगोलिक मानांकन आहे. त्या आठ जिल्ह्यांतला एखादा कारागीर आपल्याच हातची चप्पल घालून त्या 40 दुकानांपैकी एकात शिरला, तर दारातला माणूस त्याच्याशी कसा वागेल? मला त्या प्रश्नाचं उत्तर ठाऊक आहे आणि तुम्हालाही आहे. मारिओ प्राडानं 1913 मध्ये मिलानच्या गॅलेरियात दुकान टाकलं ते चामड्याच्या वस्तूंचंच. चामड्याचा धंदा तिकडं घराण्याची प्रतिष्ठा झाला आणि इकडं ज्यांनी तो पिढ्यान्‌पिढ्या केला त्यांना गावानं वेशीबाहेर ठेवलं.

बरेच जण समजतात की शोरूममधला माज हा त्या पोरांचा आगाऊपणा असतो. मला ते पटत नाही. माजाचा धंद्याला उपयोग होतो आणि तो मोजून दाखवलेला आहे. मॉर्गन वॉर्ड आणि डॅरन डाल या दोन अभ्यासकांनी 2014 मध्ये ‘जर्नल ऑफ कन्झ्युमर रिसर्च’मध्ये एक शोधनिबंध छापला. सैतानानं प्राडा विकावं का, असा त्याच्या शीर्षकातलाच सवाल. महागड्या ब्रँडच्या विक्रेत्यानं तुच्छतेनं वागवलं की त्या ब्रँडची आस असलेल्या गिऱ्हाइकाची घ्यायची इच्छा कमी होत नाही, उलट वाढते, असं त्यांना दिसलं. जिथं आपल्याला शिरायचं आहे तिथूनच नाकारलं गेलो, मग आपण तिथले आहोत हे सिद्ध करायला माणूस पाकीट काढतो. विक्रेता स्वतः त्या ब्रँडला शोभेल असा असला तरच हे घडतं. साध्या, रोजच्या कपड्यांच्या ब्रँडच्या बाबतीत घडत नाही. त्याच निबंधातली दुसरी गोष्ट दुकानदारांनी नीट वाचावी: हा परिणाम टिकत नाही. दिवस गेले की ओढ ओसरते.

म्हणजे अपमान सहन करून वस्तू घेऊन बाहेर पडणारा माणूस जिंकलेला नसतो. त्याच्याकडून त्या अपमानाचेही पैसे वसूल झालेले असतात.

इथं आपल्या लोकांचा एक मोठा घोळ होतो. जानेवारी 2022 मध्ये तुमकुरूला एक शेतकरी मालवाहू गाडी घ्यायला शोरूममध्ये गेला. तुझ्या खिशात दहा रुपयेही नसतील, असं तिथला सेल्समन बोलल्याचं त्यानं सांगितलं. शेतकऱ्यानं थोड्याच वेळात 10 लाख रुपये गोळा करून आणले, गाडी लगेच देता येईना तेव्हा शोरूमची पंचाईत झाली, शेवटी माफी मागावी लागली. देशभर टाळ्या पडल्या. आपल्याकडंही ऊसबिल जमा झालेल्या शेतकऱ्यांनी त्या प्रसंगाचा व्हिडिओ एकमेकांना पाठवला. त्या माणसाचा राग शंभर टक्के खरा होता, त्याबद्दल मला शंका नाही. पण टाळ्या वाजवणाऱ्यांना मला विचारायचं आहे: त्याच्याकडं 10 लाख नसते तर? मग सेल्समन बरोबर ठरला असता का?

ऑप्रा विन्फ्रीचं असंच झालं. 2013 मध्ये झुरिकच्या एका दुकानात तिनं 35,000 फ्रँकांची पर्स बघायला मागितली आणि ती तुम्हाला फार महाग पडेल, असं सांगितलं गेल्याचं ती म्हणाली. विक्रेतीनं ते नाकारलं, मालकिणीनं गैरसमज झाल्याचं सांगितलं, स्वित्झर्लंडच्या पर्यटन खात्यानं मात्र क्षमा मागून टाकली. जगभर बातमी झाली, कारण ऑप्रा अब्जाधीश निघाली. जी बाई खरोखरच गरीब असते आणि नुसती पर्स हातात घेऊन बघायला मागते, तिची बातमी होत नाही. गरिबाला हाकललं तर ती दुकानाची शिस्त आणि श्रीमंताला हाकललं तर ती चूक, हा हिशेब मला मान्य नाही. नोटांची थप्पी काउंटरवर आपटणारा माणूस तोच हिशेब कबूल करत असतो. माझ्याकडं पैसे आहेत म्हणून मला मान दे, असं तो म्हणतो. मान ही खरेदीची अनामत रक्कम आहे का?

त्यापेक्षा मला बंगळुरूचं प्रकरण जास्त मोलाचं वाटतं. जुलै 2024 मध्ये धोतर नेसलेल्या एका शेतकऱ्याला मॉलच्या दारात अडवलं. मुलगा त्याला सिनेमा दाखवायला घेऊन आला होता, तिकिटं काढलेली होती. कर्नाटक सरकारनं तो मॉल सात दिवस बंद ठेवायला लावला. तो शेतकरी किती एकरांचा धनी आहे, असं कुणी विचारलं नाही. धोतर नेसलेल्या माणसाला अडवलं, एवढा गुन्हा पुरेसा ठरला. आणि ऑक्टोबर 2020 मध्ये ज्येष्ठ लेखिका शोभा देशपांडे कुलाब्यातल्या एका सराफी दुकानाबाहेर रात्रभर फूटपाथवर बसून राहिल्या. मराठीत बोला, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. सराफानं शेवटी माफी मागितली. त्यांनी पाकीट उघडून आपली लायकी दाखवली नाही. जागेवरून हलल्या नाहीत, एवढंच केलं.

कोल्हापुरात तर हा विषय शंभर वर्षांपूर्वीच शिकवून झालेला आहे. अस्पृश्य म्हणून पाण्याला शिवल्याबद्दल फटके खाल्लेल्या गंगाराम कांबळे यांना शाहू महाराजांनी हॉटेल काढायला मदत केली. भाऊसिंगजी रस्त्यावरच्या ‘सत्यसुधारक’ हॉटेलात सवर्ण गिऱ्हाईक फिरकेना, तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून तिथला चहा प्यायले आणि बरोबरच्या लोकांनाही पाजला. तिथं नजर गिऱ्हाइकाची होती आणि अपमान दुकानदाराचा, इथं उलट आहे. पण दुकानाच्या उंबऱ्यावर माणसाची पायरी ठरवायची खोड तीच, आणि ती मोडायला इथला राजा रस्त्यावर उतरला होता. त्याचं नाव चौकाचौकांत लावणाऱ्या शहरात मावशींचं लुगडं बघून तोंड फिरवणारं दुकान चालावं, याची मला चीड येते.

जुन्या पेठेत सगळं गोड होतं असं मी म्हणणार नाही. सराफांच्या गुजरीतही वजनावरून आणि घडणावळीवरून वाद होतात, महाद्वार रोडवरही भाव चढवून सांगणारे भेटतात. तरी तिथली एक रीत अजून जिवंत आहे. आधी ‘बसा’ म्हणतात. पाणी येतं, पोरगं चहा सांगून येतं, मग विचारतात, ‘काय दाखवू?’ लग्नाचा बस्ता बांधायला आलेल्या घरासमोर साड्यांची थप्पीच्या थप्पी उलगडली जाते आणि काही न घेता उठलं तरी ‘या परत’ म्हणतात. कोल्हापुरी साज बघायचा तर साज काढून हातात देतात. कागलहून आलेली बाई आज नुसता साज बघून जाते आणि दोन वर्षांनी पोरीच्या लग्नाला त्याच दुकानात येते, हे त्या गुजरीतल्या सराफाला कळतं. नव्या शोरूमच्या चालकाला ते कळत नाही, कारण त्याचं टार्गेट महिन्याचं असतं.

टार्गेटवरून त्या पोराकडंही बघायला हवं. ज्या पर्सचं कपाट तो उघडतो तिची किंमत त्याच्या पगारात बसत नाही. दिवसभर उभं राहायचं, खुर्ची नाही, टेकायचं नाही, गिऱ्हाईक नसलं तरी नाही. दुकानात काम करणाऱ्यांना बसायला जागा द्या, असं केरळनं 2018 मध्ये आणि तमिळनाडूनं 2021 मध्ये कायद्यात लिहिलं. केरळात तर विक्रेत्या बायका त्यासाठी भांडल्या होत्या. ज्याला दिवसभर बसू दिलं जात नाही तो तुम्हाला ‘बसा’ कशाला म्हणेल? ज्यांना फ्लोअरवर ‘टाइमपास गिऱ्हाईक’ म्हणतात, त्यांच्यावर वेळ घालवला तर मॅनेजर त्याला झापतो. त्याच्या डोळ्यातला थंडपणा वरून आलेला आहे.

त्यामुळं माझं सांगणं सरळ आहे. असं वागवलं गेलं तर ईर्ष्येनं काहीही विकत घेऊ नका, त्यांना तेच हवं असतं. आपल्याकडं किती आहे ते सांगू नका. गावाकडची जमीन, मुलाची नोकरी, यातलं काही बोलू नका. जे बघायचं आहे ते मराठीत आणि शांतपणे मागा. नाही दाखवलं तर मालक किंवा मॅनेजरला बोलवा, काय वाक्य बोललं गेलं ते जसंच्या तसं सांगा आणि घेतलेलं सामानही काउंटरवर ठेवून बाहेर पडा. त्या पोराचा व्हिडिओ काढून गावभर फिरवू नका. त्याची नोकरी जाईल आणि चार दिवसांत त्याच जागी तेच शिकवून दुसरा उभा केला जाईल. बोलायचं ते मालकाशी, आणि मालक दुकानात नसेल तर त्याचा नंबर मागून घ्या.